किल्ट किती जुना, आणि त्याने काय फरक पडतो?

इंटरनेटवर एका प्रकारच्या माहितीला कायम मागणी असते: 'तुम्हाला जे प्राचीन वाटतं ते मुळात प्राचीन नाहीच.' अमुक पदार्थ आपला नाही, तमुक प्रथा शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी सुरू केली, वगैरे. सांगणारा भुवया उंचावतो, आपल्याला दोन सेकंद हुशार झाल्यासारखं वाटतं आणि अंगठा पुढच्या रीलवर जातो. स्कॉटलंडचा किल्ट हा या प्रकारातला हुकमी एक्का आहे. किल्ट म्हणजे पुरुषांनी नेसायचा तो गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा लोकरी घागरा. त्याच्या चौकटींच्या कापडाला टार्टन म्हणतात. आपली समजूत अशी की हायलँड्समधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, प्रत्येक कुळाचा टार्टन हजार वर्षांपासून ठरलेला आहे. रील सांगतं की किल्ट एका इंग्रजाने शोधला आणि टार्टन कापडवाल्यांनी.

हे बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून आधी ते नीट सांगतो.

जुने हायलँडर एक लांबलचक लोकरी वस्त्र अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा बांधत. वरचा भाग खांद्यावर, खालचा घोळदार. त्यातला फक्त खालचा भाग वेगळा करून शिवणं ही पुढची पायरी. १७८५ साली छापल्या गेलेल्या एका पत्रात दावा आहे की ही कल्पना टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराची. १७२०-३० च्या सुमारास ग्लेनगॅरी भागातल्या त्याच्या भट्टीवरच्या मजुरांना ते लांब वस्त्र कामात अडचणीचं व्हायचं. पत्र घटनेनंतर अर्ध्या शतकाने छापलेलं आहे आणि इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पण ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकाराने १९८३ साली 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या गाजलेल्या पुस्तकात ते वापरलं, आणि तिथून ही गोष्ट जगभर गेली.

टार्टनचं प्रकरण जास्त मजेदार आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडर बंडखोरांचा तासाभराच्या आत पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. अपवाद फक्त सैन्याचा. म्हणजे १७८२ साली कायदा रद्द होईपर्यंत सामान्य पुरुषाला टार्टन राजरोस घालायचा असेल तर एकच मार्ग होता: त्याच राजाच्या फौजेत भरती होणं. मधल्या काळात एक पिढी गेली. कायदा उठल्यावर टार्टनची फॅशन आली ती शहरात, उच्चभ्रूंमध्ये. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना कळवलं की आपापल्या टार्टनचे नमुने मोहोर लावून पाठवा. काही प्रमुखांना आपला टार्टन कोणता हेच ठाऊक नव्हतं!

माल पुरवणारी मोठी पेढी होती बॅनकबर्नची विल्सन्स. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्यांची पद्धत फार आवडते. टार्टन म्हणजे शेवटी एका ओळीचा कोड असतो: रंगाचं अक्षर, पुढे धाग्यांचा आकडा, मग पुढचा रंग, पुढचा आकडा. टोकाला पोचलं की बहुतेक वेळा तीच ओळ आरशातल्यासारखी उलटी वाचायची. उभे-आडवे दोन्ही धागे त्याच क्रमाने. आणि विल्सन्सकडे यातल्या कित्येक नमुन्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. ट्रेव्हर-रोपरने एक उदाहरण दिलंय. नंतर 'मॅकफर्सन' म्हणून मिरवलेला एक टार्टन आधी नुसता '१५५ नंबर' होता. मग किड नावाच्या एका गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी तो घाऊक घेतला, म्हणून त्याला 'किड' म्हणू लागले. त्यानंतर तो एका कुळाची प्राचीन ओळख झाला.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याचा दिग्दर्शक होता कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. त्याने सगळ्यांना टार्टन घालायला लावला, अगदी राजालाही. महाराजांनी किल्टखाली गुलाबीसर तंग विजार चढवली होती आणि व्यंगचित्रकारांनी त्याचं सोनं केलं. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी 'व्हेस्टिआरियम स्कॉटिकम' नावाचा ग्रंथ काढला, जुन्या हस्तलिखितावरून कुळांचे टार्टन दिल्याचा दावा करत. हस्तलिखित बनावट होतं. भाऊही आपण शेवटच्या स्टुअर्ट राजपुत्राचे नातू असल्याचं सांगत, तेही बनावटच. पण त्यातले कितीतरी टार्टन आज त्या त्या आडनावाची माणसं लग्नात घालतात.

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग फसवणूकच झाली की." हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

जगातली प्रत्येक परंपरा कधीतरी पहिल्यांदा झाली. पहिल्या दिवशी ती कोणाची तरी सोय होती, लहर होती किंवा धंदा होता. दोनशे वर्षं आजोबा-नातवांनी एखादी गोष्ट मनापासून केली तर तिचा जन्म कापडाच्या दुकानात झाला की देवळात, याने मला फारसा फरक पडत नाही. वय हा निकषच चुकीचा आहे. किल्टबद्दल मला खटकतं ते वेगळंच, आणि त्यासाठी त्याच वर्षांत त्याच डोंगरांत दुसरं काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

'क्लॅन' या शब्दाचं मूळ गेलिक भाषेतल्या 'क्लान' या शब्दात आहे. अर्थ: लेकरं. प्रमुख हा बाप, बाकीची त्याची मुलंबाळं. प्रत्यक्षात सगळे रक्ताचे नसत, पण नातं तसं मानलं जाई. प्रमुखाने हाक मारली की तलवार घेऊन जायचं आणि बदल्यात या खोऱ्यातली आपली जमीन आपल्याकडेच राहणार. या न लिहिलेल्या हक्काला गेलिकमध्ये 'दूखस' म्हणतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतोय, म्हणून इथे राहण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या पुस्तकात तो नव्हता. तिथे जमीन प्रमुखाच्या नावावर होती.

मराठीत 'क्लॅन'साठी आपण 'कूळ' म्हणतो, आणि योगायोगाने जमीन कसायला घेणाऱ्यालाही आपण 'कूळ'च म्हणतो. इंग्रजीत किंवा गेलिकमध्ये हे एका शब्दात बसत नाही. हायलँड्सची अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली गोष्ट या दोन अर्थांमधल्या प्रवासाची आहे: पहिल्या अर्थाची कुळं दुसऱ्या अर्थाची कुळं झाली. बाप मालक झाला, लेकरं भाडेकरू झाली. आणि भाडेकरूला नोटीस देता येते.

नोटिसा निघाल्या, कारण मेंढ्या जास्त पैसे देत होत्या. दक्षिणेकडच्या मोठ्या शेविअट मेंढ्यांसाठी रिकामी खोरी हवी होती. या बेदखलीला इतिहासात 'हायलँड क्लिअरन्सेस' म्हणतात. सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण सदरलँड परगण्याचं. तिथली मालकीण काउंटेस ऑफ सदरलँड आणि तिचा गडगंज इंग्रज नवरा यांनी आतली खोरी मोकळी करून माणसांना समुद्रकाठच्या तुटपुंज्या तुकड्यांवर नेऊन बसवायचं ठरवलं. त्यांचा एक कारभारी पॅट्रिक सेलर. १८१४ मध्ये त्याने स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरं रिकामी करवली. छपराची लाकडं जाळली, म्हणजे माणसं परत येऊ नयेत. त्या झाडीविरळ मुलखात छपराचं लाकूड ही घराची सगळ्यात मोलाची वस्तू. अंथरुणाला खिळलेल्या मार्गारेट मॅके या वृद्धेचं घर पेटवलं गेलं, तिला बाहेर काढलं, आणि काही दिवसांनी ती गेली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. मोकळ्या झालेल्या जमिनीवरचा मेंढ्यांचा मोठा मक्ता कोणाकडे होता? सेलरकडेच.

१८१९ मध्ये त्याच खोऱ्यात पुन्हा एकदा मोठी बेदखली झाली. रोसल गावचा गवंडी डोनल्ड मॅक्लाउड याने पुढे लिहून ठेवलंय की एका रात्री टेकडीवर चढून त्याने जळती घरं मोजली, ती अडीचशे भरली. तो त्यातल्या बहुतेक घरांच्या मालकांना ओळखत होता.

त्याच १८१९ साली इकडे पुण्यात काय चाललं होतं? पेशवाई संपली होती आणि जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपला अहवाल देत होता. एल्फिन्स्टन स्कॉटिश, डंबार्टनमध्ये जन्मलेला. त्या अहवालात मिरासदारांची दखल आहे: जो शेतकरी सारा भरतो तोवर त्याला वडिलोपार्जित जमिनीवरून हलवता येत नाही. उपरी वेगळा, मिरासदार वेगळा. आपल्याकडच्या कागदोपत्री फारशा नसलेल्या हक्काची एक स्कॉटिश माणूस बारकाईने नोंद करत होता, तेव्हा त्याच्या देशाच्या उत्तर टोकाला तशाच हक्काला कोणी नोंदवहीत घेत नव्हतं. एल्फिन्स्टनचा हायलँड्सशी थेट संबंध नव्हता, त्यामुळे यात त्याला बोल लावत नाही. पण मला ही दोन दृश्यं शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. जिंकलेल्या मुलखात रूढी समजून घ्यावी लागते, नाहीतर साराच गोळा होत नाही. स्वतःच्या इस्टेटीवर ती गरज नसते.

आता पुन्हा टार्टनकडे. ग्लेनगॅरीचा प्रमुख अलास्टर मॅकडॉनेल याचं हेन्री रेबर्नने काढलेलं पूर्णाकृती चित्र एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. नखशिखान्त टार्टन, हातात बंदूक, चेहऱ्यावर 'आमच्यासारखे आम्हीच'. १८१५ मध्ये याने 'खऱ्या हायलँडरांची सोसायटी' काढली. १८२२ च्या सोहळ्यात शहरी हौशी मंडळी किल्ट घालून फिरताना पाहून तो भडकला, ही नकली माणसं म्हणून त्याने जाहीर तक्रार केली. आणि याच गृहस्थाच्या इस्टेटीवरून त्याच्या आईच्या काळापासून माणसं हुसकली जात होती. त्यातली कित्येक कॅनडाला गेली, ओंटारिओमध्ये ग्लेनगॅरी नावाचा परगणाच आहे. खऱ्या हायलँडरचा पोशाख कसा असावा यावर तो भांडत होता आणि खरे हायलँडर अटलांटिक ओलांडत होते. त्याच मिरवणुकीत सदरलँडच्या काउंटेसनेही आपल्या कुळाची माणसं टार्टनमध्ये पाठवली होती.

माझ्या मते प्रश्न इथे आहे. त्या काळात दोन परंपरा समोरासमोर होत्या. एक नवी: टार्टन. तिला नमुना होता, मोहोर होती, सोसायटी होती, पुढे छापील ग्रंथही आला. दुसरी जुनी: दूखस. तिला कागद नव्हता. नवी परंपरा प्राचीन म्हणून दाखल झाली आणि जी खरोखर प्राचीन होती ती पुरावा नाही म्हणून बाद झाली. दोन्ही कामं बऱ्याचदा त्याच माणसांच्या हातून झाली. टार्टनचा मालकाला काही खर्च नव्हता, दूखस मान्य केला असता तर मेंढ्यांचं भाडं बुडालं असतं. परंपरेवरचं प्रेम खरं की खोटं हे ओळखायला तिचं वय बघण्यापेक्षा ती प्रेम करणाऱ्याला कितीला पडते ते बघावं.

आमच्या क्षेत्रात एक निरीक्षण हायरम्स लॉ म्हणून प्रसिद्ध आहे: तुमच्या सिस्टिमला पुरेसे वापरकर्ते मिळाले की तिच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कोणीतरी विसंबून असतं, डॉक्युमेंटेशनमध्ये काहीही लिहिलेलं असो. जुनी सिस्टिम बदलायला बसलेला कोणीही उत्साही इंजिनिअर म्हणतो, 'हे तर कुठेच लिहिलेलं नाही, काढून टाकू.' सेलरसारखी माणसं मला परकी वाटत नाहीत ती यामुळे. त्या काळाचा लाडका शब्द होता 'इम्प्रूव्हमेंट', सुधारणा. सेलर स्वतःला दुष्ट समजत नव्हता. मागासलेल्या, आळशी, गेलिक बोलणाऱ्या लोकांना आपण आधुनिक करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि त्याच्या बाजूने बोलायचं तर हायलँड्समध्ये दारिद्र्य खरंच होतं. लोकसंख्या वाढत होती, बटाट्यावर सगळं चाललं होतं, आणि १८४६ मध्ये बटाट्याचं पीक सडलं तेव्हा उपासमार झाली. प्रमुखही कर्जात बुडाले होते. ग्लेनगॅरीच्या मुलाला शेवटी इस्टेट विकावी लागली. काहीतरी बदलणं भाग होतं हे मला मान्य आहे. पण बदलाची किंमत कोणी मोजायची हे ठरवताना ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नाही, आणि समुद्रकाठचे तुकडे मुद्दाम इतके लहान ठेवले गेले की नुसत्या शेतीवर कोणाचं भागू नये. याला 'नाइलाज' म्हणता येत नाही.

शिवाय ही माणसं मेंढ्यांहून कमी किमतीची नव्हतीच, सैन्यासाठी ती फार मोलाची होती. १७९२ मध्ये रॉस परगण्यातल्या लोकांनी एकत्र येऊन मालकांच्या मेंढ्या खोऱ्याबाहेर हाकायला सुरुवात केली. ते मोडायला फौज आली ती ब्लॅक वॉच, म्हणजे हायलँडरांचीच रेजिमेंट. पुढच्याच वर्षी त्याच भागात ७८ वी हायलँडर रेजिमेंट उभी राहिली. ती आपल्या ओळखीची आहे: २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड रेजिमेंट उभ्या होत्या. पाचशेच्या आसपास असलेल्या ७४ व्या रेजिमेंटमधले चारशेच्या घरात त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. आपल्या शालेय पुस्तकात ते 'इंग्रज' आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नसावं.

असं सांगतात की १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी ड्यूक ऑफ सदरलँड आपल्या इस्टेटीवर भरतीला आला तेव्हा लोकांनी त्याला सुनावलं: मेंढ्यांना पाठवा. गोष्टीचे तपशील वेगवेगळे सापडतात. ती टिकून राहिली, यात तिचा अर्थ आहे.

मग आज ग्लासगोच्या लग्नात किल्ट घालणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावं का? मला नाही वाटत. त्याचे पूर्वज बहुधा दक्षिणेकडचे, ज्यांच्यासाठी हायलँडर म्हणजे गुरं चोरणारे रानटी. आज तो पोशाख सगळ्या देशाचा आहे. स्कॉटलंडमध्ये २००८ च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही झाली, आणि शुल्क भरून कोणीही नवा नमुना नोंदवू शकतो. तिथल्या शिखांचा 'सिंग' टार्टनही आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात प्राचीन असल्याचा आव नाही. आम्ही इथे आलो, इथले झालो, हे आमचं कापड. ज्यांना हाकललं त्यांच्या कॅनडातल्या पणतवंडांनी टार्टन छातीशी धरला तर तोही त्यांच्या हक्काचा आहे, मूळ क्रमांक १५५ असला तरी. गेलिकचं मात्र वाईट वाटतं. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सत्तावन्न हजारांच्या आसपास होते. भाषा लग्नापुरती भाड्याने आणता येत नाही.

दूखसचं पुढे काय झालं हे कुठल्या रीलमध्ये येत नाही. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेझ गावात शेतकरी ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांशी भिडले. बायका पुढे होत्या, दगड-काठ्या हेच हत्यार. पुढच्या वर्षी सरकारने लॉर्ड नेपियरच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोग गावोगाव फिरला, गेलिकमध्ये साक्षी झाल्या. ब्रेझमधला पहिलाच साक्षीदार बोलायला तयार होईना. खरं सांगितलं तर मला घरातून काढणार नाहीत अशी हमी आधी द्या, म्हणाला. हमी मिळाल्यावर बोलला. त्याच्यामागून शेकडो लोक बोलले: आजोबा कुठे राहायचे, कोणाची चूल कुठे होती, कोणतं कुरण कधी गेलं. ज्या गोष्टीला कागद नव्हता तिचे हजारो पानांचे कागद झाले. १८८६ च्या कायद्याने समुद्रकाठच्या त्या तुकड्यांवर राहणाऱ्यांना बेदखलीपासून संरक्षण दिलं, वाजवी भाडं दिलं, जमीन घरातल्या माणसाकडे देता येईल असं केलं. गेलेली खोरी मात्र परत मिळाली नाहीत.

सदरलँडमध्ये गॉल्स्पी गावावरच्या टेकडीवर पहिल्या ड्यूकचा म्हणजे काउंटेसच्या नवऱ्याचा अवाढव्य पुतळा अजून उभा आहे. चौथऱ्यावर लिहिलंय की तो त्याच्या कुळांनी आणि मित्रांनी प्रेमादराने उभारला. पाडा म्हणणारे आहेत, राहू द्या, मुलांना दाखवायला बरा आहे म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या गटातला.

तिथून पश्चिम किनाऱ्याकडे गेलं की ॲसिन्ट लागतं. तीही पूर्वी सदरलँड इस्टेटीचीच जमीन, तिथेही खोरी रिकामी केली गेली होती. १९९२ मध्ये तिथली नॉर्थ लॉखिन्व्हर इस्टेट मालक कंपनी बुडाल्यामुळे तुकडे पाडून विक्रीला निघाली. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी ट्रस्ट काढला, देणग्या गोळा केल्या आणि ३ लाख पाउंड देऊन ती घेतली. १ फेब्रुवारी १९९३ ला ताबा मिळाला. मित्र म्हणतो, आपल्याच जमिनीला पैसे मोजणं म्हणजे हार. मी म्हणतो, त्यांनी आणखी किती पिढ्या थांबायचं होतं?